डिस्कोच्या ठेक्यावर दहा राग

२०१० साली हॉलंडमधील 'बॉम्बे कनेक्शन' या छोट्या कंपनीने एक जुनी भारतीय तबकडी नव्याने बाजारात आणली आणि युरोपातील नृत्यसंगीताच्या वर्तुळात खळबळ उडाली. तबकडीवरचे ध्वनिमुद्रण १९८२ सालचे होते. कानावर पडत होते ते मात्र 'अॅसिड हाऊस'. हा संगीतप्रकार १९८७ च्या सुमारास अमेरिकेतील शिकागो शहरातून पुढे आला, असे तोवर सारेच मानत आले होते. मुंबईतील एका वादकाने पाच वर्षे आधीच, तेही भैरव, यमन, मालकंस असे राग घेऊन, त्याच जातकुळीचे काही करून ठेवले असेल यावर अनेकांचा विश्वास बसेना. ही कोणा खोडकर पाश्चात्त्य संगीतकाराची बनवाबनवी असावी, अशी शंका घेतली गेली. 'अॅफेक्स ट्विन' या नावाने वावरणाऱ्या आणि असल्या खोड्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या संगीतकाराकडेही बोट दाखवले गेले.

बनवाबनवी नव्हती. तबकडीचे नाव होते 'सिंथेसायझिंग : टेन रागाज टु अ डिस्को बीट' आणि तिचे कर्ते चरणजित सिंग तेव्हा सत्तरीला पोहोचलेले, मुंबईतच राहणारे गृहस्थ होते. पुढे त्यांना 'अॅसिड हाऊसचे जनक' हे बिरुद चिकटले. हे बिरुद तपासून पाहिले तर ते नीट बसत नाही. पण ते बाजूला केल्यावर जे उरते, ते त्याहून मोलाचे आहे.

पडद्यामागचा वादक

चरणजित सिंग हे हिंदी चित्रपटसंगीताच्या वाद्यवृंदातील वादक. शंकर-जयकिशन, सचिनदेव बर्मन, राहुलदेव बर्मन, लक्ष्मीकांत-प्यारेलाल अशा संगीतकारांसाठी त्यांनी वादन केले. बास गिटार, गिटार, कीबोर्ड अशी अनेक वाद्ये ते हाताळत. 'ट्रान्झिकॉर्ड' हे त्यांचे आणखी एक वाद्य. दिसायला अॅकॉर्डियनसारखे, पण भात्याऐवजी विजेवर बोलणारे. 'हरे रामा हरे कृष्णा' (१९७१) या चित्रपटातील 'दम मारो दम' या गाण्यात ऐकू येणारा धूसर, अखंड स्वर त्यांनी याच वाद्यावर धरला होता. चित्रपटगीतांच्या चाली वाद्यांवर वाजवलेल्या त्यांच्या तबकड्याही निघाल्या होत्या.

तरीही त्यांचे नाव सर्वसामान्य श्रोत्यापर्यंत पोहोचले नाही, याचे कारण त्या व्यवसायाच्या रचनेत आहे. गाण्याच्या तबकडीवर गायक, गीतकार आणि संगीतकार यांची नावे छापली जात. स्टुडिओत बसून त्या गाण्याला देह देणारे व्हायोलिन, ट्रम्पेट, तबला, गिटार वाजवणारे कलावंत मात्र बहुधा निनावीच राहत. गोव्याहून आलेले कॅथलिक वादक, पारशी, पंजाबी, बंगाली, मराठी असे शेकडो कलावंत दिवसाच्या पाळीवर काम करत आणि संध्याकाळी मानधन घेऊन घरी जात. सिंग याच जगातले होते.

या जगाला विजेवर चालणारी वाद्ये नवी नव्हती. केरसी लॉर्ड यांच्यासारख्या वादकाने मूग सिंथेसायझर मुंबईच्या चित्रपटसंगीतात आणला होता. पण तिथे या वाद्याचे काम ठरलेले होते. भीतीचा प्रसंग असेल तर एखादा थरथरणारा सूर, आकाशयानाचे दृश्य असेल तर एखादी शिट्टी. वाद्यवृंदाच्या जेवणातील ते लोणचे होते. त्याचेच ताट वाढावे, असे कोणाला वाटले नव्हते.

बासवादकाची जागा घेणारे यंत्र

१९८० च्या दशकाच्या आरंभी जपानच्या 'रोलँड' कंपनीने तीन यंत्रे बाजारात आणली. 'ज्युपिटर-८' हा भारदस्त सिंथेसायझर, 'टीआर-८०८' हे ठेका धरणारे यंत्र आणि 'टीबी-३०३' ही चंदेरी रंगाची लहानशी पेटी. या तिसऱ्या यंत्राचा हेतू साधा होता. एकट्याने सराव करणाऱ्या गिटारवादकाला साथीला बासवादक मिळाला नाही, तर त्याची जागा या पेटीने भरून काढावी. सुरावट आधी भरून ठेवायची आणि कळ दाबली की ती पुनःपुन्हा वाजत राहायची.

हा हेतू सपशेल फसला. पेटीतून निघणारा आवाज बास गिटारसारखा मुळीच नव्हता आणि सुरावट भरण्याची पद्धत किचकट होती. सुमारे १०,००० नग तयार झाल्यावर १९८४ मध्ये तिचे उत्पादन थांबले.

सिंग यांनी ही तिन्ही यंत्रे सिंगापूरहून आणली. आज या घटनेचे अप्रूप वाटणार नाही. पण तो काळ वेगळा होता. मुंबईसमोर, खाडीपलीकडे न्हावा शेवा येथे आज जहाजांमधून हजारो कंटेनर उतरतात. त्या जागी १९८१-८२ मध्ये बंदर नव्हते. जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाले ते २६ मे १९८९ रोजी आणि आयातीचे धोरण टप्प्याटप्प्याने सैल होत गेले ते १९९१ नंतर. त्याआधी परदेशी वाद्य म्हणजे परवाने, जबर सीमाशुल्क आणि बहुधा स्वतःच्या सामानातून केलेली वाहतूक. अशा परिस्थितीत पदरमोड करून असली यंत्रे आणणाऱ्या वादकाला लोकांनी विक्षिप्त म्हटले असते तर नवल नव्हते. त्यात आणखी एक गंमत होती. सिंग स्वतः बास वाजवत. ज्या यंत्राने त्यांची जागा घ्यायची होती, तेच यंत्र त्यांनी विकत घेतले होते.

राग आणि रोबोट

तेव्हा चित्रपटांत डिस्कोची लाट होती. 'कुर्बानी' (१९८०) मधील 'आप जैसा कोई' घरोघरी वाजत होते आणि 'डिस्को डान्सर' (१९८२) येऊ घातला होता. डिस्कोचा ठेका ठेवावा, तबला काढून टाकावा आणि त्या ठेक्यावर शुद्ध राग वाजवावेत, अशी कल्पना सिंग यांना सुचली. गायक नाही, गीत नाही, वाद्यवृंदही नाही. एक माणूस आणि तीन यंत्रे.

निवडलेले राग असे : भैरव, ललत, भूपाळी, तोडी, मधुवंती, मेघमल्हार, यमन, कलावती, मालकंस आणि बैरागी. प्रत्येकाला साधारण पाच मिनिटे. रचनेची पद्धत सर्वत्र एकच आहे. ठेक्याचे यंत्र प्रत्येक मात्रेवर ठाम आघात देते. खर्जाची पेटी रागातील मोजक्या स्वरांची एक लहान आकृती धरून फिरत राहते. या दोहोंवर ज्युपिटर-८ वर हाताने वाजवलेले आलाप आणि ताना धावतात.

हे जमले कसे, याचे उत्तर दोन्हींच्या स्वभावात आहे. पाश्चात्त्य सुगम संगीत स्वरसंघांच्या बदलत्या मालिकेवर उभे असते. गाणे पुढे सरकते तसा पायाचा स्वर बदलतो. आपल्या रागसंगीताचा षड्ज मात्र जागचा हलत नाही. तंबोरा एकदा छेडला की मैफल संपेपर्यंत तोच. एकच आकृती न थकता गिरवणारे यंत्र पाश्चात्त्य वादकाला कंटाळवाणे वाटले असेल. रागसंगीतात वाढलेल्या कानाला त्यात तंबोऱ्याची सोय दिसली. टीबी-३०३ मध्ये एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याचीही सोय होती. ती मींड नव्हे, पण मींडेची दूरची नातेवाईक म्हणता येईल अशी.

या यंत्राच्या एका आवर्तनात सोळा घरे असतात आणि आपल्या तीनतालात सोळा मात्रा. हा आकड्यांचा योगायोग आहे, हे मात्र लक्षात ठेवायला हवे. तीनतालातील सम, टाळी आणि खाली यांचा भेद यंत्राला ठाऊक नाही. लय वाढवत नेण्याची मुभाही सिंग यांनी घेतलेली नाही. रागाचा विस्तार म्हणून पाहिल्यास या रचना तोकड्या आहेत. विलंबित ख्यालाचा ऐसपैसपणा पाच मिनिटांत मावत नाही. त्यांचे बळ दुसरीकडे आहे. यंत्राचा निर्विकार ठेका आणि हाताने वाजवलेल्या सुरावटीतील चैतन्य यांच्या ताणातून त्या उभ्या राहतात.

तबकडी १९८३ मध्ये ग्रामोफोन कंपनीच्या 'एचएमव्ही' या मुद्रेखाली प्रसिद्ध झाली आणि फारशी खपली नाही. डिस्कोच्या चाहत्याला गाणे हवे होते, नायक-नायिका हव्या होत्या. रागदारीच्या रसिकाला ठेक्याच्या यंत्राने बिचकवले असणार. दोन्ही दुकानांच्या मधल्या बोळात ती राहून गेली.

शिकागोत काय घडले

इकडे टीबी-३०३ चे उत्पादन बंद पडल्यावर त्या पेट्या अमेरिकेत जुन्या सामानाच्या दुकानांत स्वस्तात मिळू लागल्या. शिकागोतील 'फ्यूचर' या कृष्णवर्णीय तरुणांच्या त्रिकुटाने अशीच एक पेटी मिळवली. तिच्यात सुरावट वाजत असतानाच त्यांनी स्वराचा पोत बदलणारी बटणे फिरवली. आवाज चिरकू लागला, बुडबुडू लागला, विव्हळू लागला. त्यातून घडलेली 'अॅसिड ट्रॅक्स' ही तबकडी १९८७ मध्ये निघाली आणि तिच्या नावावरून एका संगीतप्रकारालाच नाव मिळाले.

या तरुणांनी सिंग यांची तबकडी ऐकली होती, असे मानायला कोणताही आधार नाही. दोन्ही प्रयोगांचा हेतूही भिन्न आहे. शिकागोत सुरावट जवळजवळ नाहीच. यंत्राचा आवाजच नायक. मुंबईत राग नायक आणि यंत्र साथीला. शिवाय शिकागोतील संगीतामागे तेथील नृत्यगृहे होती, रात्रभर नाचणारा समाज होता. सिंग यांच्यामागे तसे काहीच नव्हते. त्यामुळे 'जनक' हा शब्द वापरणे शिकागोवर अन्याय करणारे आहे आणि सिंग यांच्या बाबतीतही चुकीचे. जनक म्हटले की वंशावळ आली. सिंग यांचा वंश पुढे वाढलाच नाही. त्यांचे श्रेय निराळे आहे. जपानी अभियंत्यांना जे यंत्र फसलेले वाटले, त्यात एका भारतीय वादकाने आपल्या परंपरेच्या कानाने दुसरेच वाद्य ऐकले.

महाराष्ट्राला हा अनुभव अपरिचित नाही. हार्मोनियम हीदेखील युरोपातून आलेली यंत्रपेटीच. तिच्यावर मींड काढता येत नाही, श्रुती सापडत नाहीत, असे आक्षेप घेऊन आकाशवाणीने १९४० मध्ये तिला दार बंद केले. ही बंदी सैल व्हायला १९७१ उजाडावे लागले. तोवर गोविंदराव टेंबे यांच्यासारख्या कलावंतांनी मराठी रंगभूमीवर आणि मैफलीत पेटीला मानाचे स्थान मिळवून दिले होते. वाद्य परके की आपले, हे कारखान्याच्या पत्त्यावरून ठरत नाही. ते वाजवणारा कोणता कान घेऊन बसला आहे, यावर ठरते. फरक एवढाच की पेटीमागे पिढ्यान्पिढ्यांचे वादक उभे राहिले. सिंग यांच्या यंत्रांमागे दुसरा वादक आला नाही.

उशिरा आलेली दखल

डच संग्राहक एडो बाउमन यांना ही तबकडी २००२ मध्ये दिल्लीतील एका दुकानात मिळाली. त्यांनी पुढे मुंबईत सिंग यांचा शोध घेतला आणि २०१० मध्ये तिची नवी आवृत्ती काढली. त्यानंतर सिंग यांनी सत्तरी ओलांडल्यावर युरोपातील रंगमंचांवर हे राग पुन्हा वाजवले. समोर नाचणारे तरुण श्रोते तबकडी निघाली तेव्हा बहुधा जन्मलेलेही नव्हते. जुलै २०१५ मध्ये मुंबईत सिंग यांचे निधन झाले. दखल आणि निरोप यांच्यात जेमतेम पाच वर्षांचे अंतर पडले.

ही गोष्ट सुखान्त म्हणून सांगितली जाते, आणि एका परीने ती तशी आहेही. पण तिला एक बोचरी बाजू आहे. सिंग सापडले, कारण तबकडीवर त्यांचे नाव होते. आयुष्यात एकदा त्यांनी दुसऱ्याच्या गाण्याची साथ सोडून स्वतःच्या नावाने, स्वतःच्या कल्पनेने काही केले, म्हणून कित्येक वर्षांनंतर परक्या देशातील माणसाला त्यांचा माग काढता आला. ज्या वादकांनी असे काही केले नाही, त्यांचा माग काढायला तबकडीवर काहीच नाही. ग्रेगरी बूथ या अभ्यासकाने मुंबईच्या चित्रपट-वादकांच्या मुलाखती घेऊन २००८ मध्ये त्यांच्यावर 'बिहाइंड द कर्टन' हे पुस्तक लिहिले. तेही काम परदेशातूनच आलेल्या माणसाकडून झाले.

त्या पिढीतील बरेचसे वादक आता हयात नाहीत. जे आहेत, ते वृद्ध आहेत. कोणत्या गाण्यात कोणी काय वाजवले, कोणते वाद्य कोठून आणले, कोणता प्रयोग फसला आणि कोणता गाजला, याची माहिती त्यांच्या स्मरणात आहे आणि घरातल्या जुन्या वह्यांत आहे. विद्यापीठांचे संगीत विभाग, ध्वनिमुद्रण कंपन्या आणि वादकांच्या संघटना यांनी ठरवले तर ती अजूनही टिपून घेता येईल. चरणजित सिंग यांच्या तबकडीने जवळजवळ तीस वर्षे वाट पाहिली. माणसांना तेवढी सवड नसते.