खताचा ढीग कसा मोजावा?

पलूसचा परिसर हा ऊस व द्राक्षे यांचा मुलूख होय. ऊस-लावणीपूर्वी, तसेच एप्रिल व ऑक्टोबरच्या छाटणीच्या सुमारास येथे शेणखताची गरज मोठी असते. पुष्कळदा खत उभ्या ढिगावरूनच घेतले जाते; म्हणून ढीग मोजण्याची रीत शेतकरी बांधवांस अवगत असणे अगत्याचे आहे.

बांधालगत घातलेला लांबट ढीग घराच्या आढ्याप्रमाणे वर निमुळता असतो. या आकृतीस गणितात त्रिकोणी चिती म्हणतात.

मोजणी : तळाची रुंदी व लांबी टेपने घ्यावी. उंचीसाठी माथ्यातून लोखंडी पहार जमिनीपर्यंत सरळ उभी खोचावी व माथ्याशी खूण करून ती मोजावी. समजा, रुंदी ४ मीटर, उंची १.५ मीटर व लांबी १० मीटर भरली.

आकारमान : रुंदी व उंची यांच्या गुणाकाराची निमपट करावी, ते टोकाच्या त्रिकोणाचे क्षेत्रफळ, म्हणजे ३ चौरस मीटर. त्यास लांबीने गुणिल्यास ३० घनमीटर, अर्थात सुमारे १०.६ ब्रास होतात. लांबी, रुंदी व उंची यांचा नुसताच गुणाकार केल्यास ६० घनमीटर येतात. असा हिशेब मान्य करणारा शेतकरी एका ढिगासाठी दोन ढिगांचे दाम मोजतो!

मात्र ढिगाची दोन्ही टोके उतरती असल्यास वरील ३० घनमीटरही अधिक ठरतात. तेव्हा माथ्याची लांबी निराळी घ्यावी. तळाच्या लांबीची दुप्पट करून तीत माथ्याची लांबी मिळवावी, त्या बेरजेस रुंदी व उंचीने गुणावे आणि ६ने भागावे. माथा ६ मीटर असल्यास उत्तर २६ घनमीटर येते.

पृष्ठफळ : उघड्या ढिगावर पाऊस पडला की विद्राव्य नत्र व पालाश पाण्याबरोबर वाहून जातात. म्हणून ढीग शेणमातीने लिंपावा. त्यासाठी उतरत्या बाजूची रुंदी हवी. अर्धी रुंदी २ मीटर व उंची १.५ मीटर, यांच्या वर्गांची बेरीज ६.२५, तिचे वर्गमूळ २.५ मीटर. टोके उभी असल्यास दोन उतरत्या बाजू मिळून ५० व दोन टोके मिळून ६, एकूण ५६ चौरस मीटर होतात. तळ जमिनीस टेकलेला असल्याने तो धरू नये. अडीच सेंटिमीटर जाडीच्या लेपास १.४ घनमीटर शेणमाती पुरेल.

घनमीटरचे वजन ओलाव्याप्रमाणे बदलते. यास्तव मापाची एक पेटी भरून खत तोलून पाहावे व मगच टनाचा दर ठरवावा.

ग्रामसेवकांनी ही मोजणी गावातील एखाद्या ढिगावर सर्वांसमक्ष करून दाखवावी. टेप, पहार व कागद यांखेरीज तीस काहीही खर्च लागत नाही.