टाचेची रोजनिशी

पोटरीचे स्नायू टाचेच्या हाडाशी जोडणारी जी जाड कंडरा खेळाडूंमध्ये ‘अकिलीज’ या नावाने ओळखली जाते, तिचे दुखणे एकदा जुनाट झाले म्हणजे केवळ विश्रांतीने ते सहसा हटत नाही; कारण विश्रांतीने वेदना शमली तरी भार सोसण्याची कंडरेची शक्तीही क्षीण होत जाते आणि खेळाडू मैदानावर परतताच तक्रार पुन्हा डोके वर काढते. स्वीडनमधील उमेओ येथील शल्यविशारद होकान आल्फ्रेडसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ साली प्रसिद्ध केलेल्या उपचारक्रमाची भिस्त म्हणूनच भार टाळण्यावर नव्हे, तर तो मोजून देण्यावर होती. पायरीच्या कडेवर चवड्याने उभे राहून दुखरी टाच सावकाश खाली उतरवायची. गुडघा ताठ ठेवून पंधरा-पंधरा वेळा अशी तीन आवर्तने, गुडघा वाकवून तितकीच, आणि हे सारे दिवसातून दोनदा, सलग १२ आठवडे. म्हणजे दररोज १८० वेळा.

एवढा नेम एकट्याने पाळणे कठीण, आणि भ्रमणध्वनीतील अ‍ॅपचा खरा उपयोग येथेच आहे, असे मला वाटते. वेळेची आठवण देणे, व्यायामाची चित्रफीत दाखवणे ही त्याची गौण कामे होत. मोलाची आहे ती वेदनेची रोजची नोंद. कारिन सिल्बरनागेल आणि सहकाऱ्यांच्या २००७ सालच्या अभ्यासातील शिरस्त्याप्रमाणे शून्य ते दहाच्या मापावर पाचपर्यंतच्या वेदनेस व्यायामात मुभा असते, मात्र दुसऱ्या सकाळपर्यंत ती ओसरली पाहिजे आणि आठवड्यागणिक वाढता कामा नये. आता मागल्या मंगळवारी सकाळी टाच किती आखडली होती, हे स्मरणावर विसंबून कोण सांगणार? स्पर्धा जवळ आली की मन सोयीची साक्ष देते; अंथरुणातून उठताच केलेल्या नोंदीत ती सोय राहत नाही, आणि फिजिओथेरपिस्ट परगावी असला तरी ते दप्तर पाहून उद्याचा भार घटवू अथवा वाढवू शकतो.

मनगटावरील घड्याळाने केलेल्या पावलांच्या हिशेबावर मात्र फार विसंबू नये. कबड्डीच्या चढाईतील एका झेपेने कंडरेवर येणारा ताण रमतगमत चालण्यातील ताणाहून कितीतरी अधिक असतो, आणि पावलांच्या बेरजेत तो भेद उमटत नाही. पोटरीवर एकाएकी फटका बसल्यासारखे होऊन चवड्यावर उभे राहणे अशक्य झाले, तर कंडरा तुटली असण्याचा संभव असतो. अशा वेळी नोंदी करीत न बसता त्याच दिवशी अस्थिरोगतज्ज्ञ गाठावा.