गंजलेल्या बोल्टांची सोडवणूक

बुलढाणा जिल्ह्यातील अमडापूर परिसरात खरिपाची शेती मुख्यतः पावसावर अवलंबून असते. जमिनीत आलेला वाफसा मोजकेच दिवस टिकतो. ऐन अशा वेळी नांगराचा झिजलेला फाळ बदलावयास घ्यावा आणि बोल्ट जागचा हलू नये, तर हंगामाचे मोलाचे दिवस वाया जातात. यास्तव जुनी अवजारे उन्हाळ्यातच खोलून पाहणे इष्ट होय.

लोखंडी अवजारांचा महाराष्ट्रातील इतिहास जुना आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ साली लोखंडी नांगर तयार केला व १९१० साली किर्लोस्करवाडीचा कारखाना उभारला. लाकडी नांगराची खुंटी ठोकून काढता येई. लोखंडी नांगराच्या बोल्टास मात्र निराळी रीत लागते.

काळी माती ओलावा धरून ठेवते. ती सांध्यात साचली की लोखंड गंजते. गंज मूळ लोखंडापेक्षा अधिक जागा व्यापतो. त्यामुळे आटे एकमेकांत घट्ट आवळले जातात. म्हणून प्रथम तारेच्या ब्रशाने माती व गंज काढावा, डिझेल किंवा पातळ तेल सोडावे आणि रात्रभर मुरू द्यावे. सकाळी नटाच्या एका बाजूस जड लोखंड टेकवून दुसऱ्या बाजूस हातोडीने हलके ठोके द्यावेत. गंजाचा थर तडकून तेल आत शिरते. बिडाच्या भागावर घाव घालू नये. बीड ठिसूळ असल्याने तडकते.

नंतर नेमक्या मापाचा रिंग पाना लावावा. नट आधी किंचित आवळावा, मग सैल करावा. थोडा पुढे, थोडा मागे असे करीत तो काढावा. काही फिरत्या भागांवर उलटे आटे असतात, हे आधी पाहून घ्यावे. पान्यास लांब नळी जोडून एकदम जोर लावल्यास बोल्ट तुटतो.

एवढ्यानेही नट न सुटल्यास तेल पूर्ण पुसून, डिझेलची टाकी व कडबा यांपासून दूर, केवळ नट तापवावा. तो प्रसरण पावून सैल होतो. तरीही न हलल्यास छिन्नीने नट फोडावा. नवा नट-बोल्ट बिडाच्या भागापेक्षा फार स्वस्त पडतो. तापविलेला बोल्ट पुन्हा वापरू नये.

जोडणी करताना आट्यांना ग्रीस लावावे. हंगाम संपताच अवजार धुऊन, कोरडे करून, तेलाचा हात फिरवून छपराखाली ठेवावे. एवढी दक्षता घेतल्यास पुढील मृगात पाना लावताच नट फिरेल.