यंत्राचे आयुष्य आणि दुरुस्तीची विद्या

खासगी बाजारात गाण्याच्या संस्कारात वाढलेल्या श्रोत्यांना तंबोऱ्याची जवारी म्हणजे काय, हे सांगावयास नको. तारांच्या घर्षणाने घोडी झिजते, नाद बोथट होतो आणि जाणता कारागीर ती घोडी घासून जवारी पुन्हा जमवितो. तंबोरा घडविणारा हयात आहे की नाही, हा प्रश्न तेथे उद्भवत नाही. कारण वाद्याची सारी रचना उघड असते. निर्मात्याने सुटे भाग देणे थांबविलेल्या डिजिटल चित्रपट-कॅमेऱ्याच्या बाबतीत मात्र हाच प्रश्न कळीचा ठरतो.

प्रारंभीचा चित्रपट-कॅमेरा तंबोऱ्याच्याच जातीचा होता. कोल्हापूरच्या आनंदराव आणि बाबूराव पेंटर या बंधूंनी स्वतःचा कॅमेरा घडविण्याचा ध्यास घेतला. १९१६ साली आनंदराव निवर्तले. पुढे बाबूरावांनी विष्णुपंत दामले यांच्या साहाय्याने कॅमेरा सिद्ध केला आणि १९२० साली ‘सैरंध्री’ पडद्यावर आणला. हे शक्य झाले, कारण फिल्म पुढे ओढणारा दाता, प्रकाश अडविणारी फिरती चकती आणि भिंग यांचे कार्य पाहून समजण्याजोगे होते. झिजलेला दाता डोळ्यांना दिसे आणि तो घडविता येई.

डिजिटल कॅमेऱ्यात फिल्मची जागा प्रकाशसंवेदी पटलाने, म्हणजे सेन्सरने, घेतली. त्यावरील विद्युत्‌संकेतांचे अंकांत रूपांतर होते आणि ते अंक डिस्कवर साठविले जातात. यंत्राचा अर्धा भाग आता धातूचा नसून आज्ञावलीचा आहे. तो डोळ्यांना दिसत नाही.

तथापि, जुन्या कॅमेऱ्यातील बिघाड पुष्कळदा साधे असतात. पंख्यात धूळ साचून यंत्र तापते. इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर उष्णतेने सुकतात. जोडण्यांवर गंज चढतो. घड्याळासाठी बसविलेला लहान सेल संपतो. म्हणून दुरुस्तीचा क्रम ठरलेला असावा. कॅमेरा चालू होत असेल, तर प्रथम आतील डिस्कची संपूर्ण नक्कल करून ठेवावी. आज्ञावली गमावली, तर उत्तम सुटे भागही निरुपयोगी ठरतात. मग विद्युत्‌पुरवठा तपासावा. त्यानंतर स्वच्छता करावी आणि पंखा तितक्याच व्होल्टचा बसवावा. नवा कपॅसिटर तेवढ्याच क्षमतेचा असावा. त्याची व्होल्टमर्यादा व तापमानमर्यादा मूळच्यापेक्षा कमी नसावी. फुगलेली लिथियम बॅटरी उघडण्याचे साहस कोणीही करू नये. भिंगाची बैठक काढल्यास तिच्याखालील पातळ चकत्या जशाच्या तशा जपाव्यात. पीएल बैठकीत कडेपासून सेन्सरपर्यंतचे अंतर ५२ मिलिमीटर असते. त्यात केसभर फरक पडला, तरी चित्र अस्पष्ट होते.

सेन्सर अथवा खास त्या कॅमेऱ्यासाठी घडविलेली चिप निकामी झाल्यास मात्र त्याच जातीचा दुसरा मृत कॅमेरा शोधण्यावाचून सहसा गत्यंतर उरत नाही.

येथे एक उदाहरण उद्बोधक आहे. २००८ सालच्या ‘स्लमडॉग मिलियनेअर’ चित्रपटाचे मुंबईतील पुष्कळसे चित्रण सिलिकॉन इमेजिंग कंपनीच्या एसआय-२के कॅमेऱ्यावर झाले आणि २००९ साली त्याच्या छायाचित्रणास ऑस्कर मिळाले. या कॅमेऱ्याचे भिंग व सेन्सर असलेले ‘डोके’ संगणकाच्या जाळ्यात वापरतात तशा केबलने नोंदणी करणाऱ्या संगणकास जोडलेले असे. अर्थात, केबल तुटली तर बाजारात दुसरी मिळू शकते. चित्रे ‘सिनेफॉर्म’ या पद्धतीने साठविली जात. त्या पद्धतीची आज्ञावली २०१७ साली तिच्या तत्कालीन मालकाने, गोप्रो कंपनीने, सर्वांसाठी खुली केली. त्यामुळे कॅमेरा बंद पडला, तरी त्यावर टिपलेले चित्र उलगडण्याची किल्ली जगाच्या हाती राहिली.

कॅमेरा हे साधन आहे. त्याने जतन केलेले माणसांचे चेहरे आणि आवाज हे खरे धन. ज्या यंत्राची रचना आणि लिपी खुली असते, त्याची सेवा निर्मात्याच्या पश्चातही करता येते. ज्याची लिपी बंद, त्याच्याबरोबर त्याने टिपलेल्या स्मृतीही कुलूपबंद होण्याचे भय असते. म्हणून संस्थेसाठी यंत्र खरेदी करताना किंमत विचारावी, तशीच त्याची माहितीपुस्तिका, सुटे भाग आणि नोंदींची पद्धत यांविषयीही विचारणा करावी. घरोघरीच्या जुन्या चित्रफितींच्या नकला यंत्र चालू असतानाच काढून घ्याव्यात. जवारी जमविणारा कारागीर ज्या जाणतेपणाने तंबोरा हाती घेतो, तोच जाणतेपणा आपल्या विद्यार्थ्यांनी नव्या यंत्रांच्या बाबतीतही अंगी बाणवावा.