खुर्द्याचं घर

रमजानचा शेवटचा अशरा म्हणजे टेलरमास्तरांचा हंगाम. तरावीहची नमाज आटोपली की मोहल्ल्यात खरेदीला जोर चढतो आणि शिलाई मशीनची घरघर पार सहरीपर्यंत ऐकू येते. मशीनखाली रंगीबेरंगी तुकड्यांचा ढीग साचतो. आमच्याकडे त्याला कतरन म्हणतात, पेठेतल्या दुकानात चिंध्या. ईदच्या आदल्या रात्री तो ढीग पोत्यात भरून जातो. त्याआधी मास्तरांकडून दीड वीतभर तुकडे मागून आणा. एक वरून दिसायला बरा, दुसरा अस्तरासाठी जाड सुती. सुट्या पैशांसाठी बटवा शिवायला एवढं पुरतं.

सुट्या पैशांना मराठीत खुर्दा म्हणतात आणि उर्दूत रेजगारी. दोन्ही शब्द फारसीच्या घरातले, आणि दोन्हींच्या मुळाशी बारीक तुकडे असाच अर्थ. आपला ‘खिसा’सुद्धा तिकडूनच आला. मूळ ‘कीसा’ म्हणजे पैशांची थैली. तेव्हा थैली वेगळी असायची आणि कपडे वेगळे. पुढे थैली कपड्यालाच शिवली गेली आणि तिचं नाव खिसा झालं. पण ती शिवली गेली पुरुषांच्या कपड्याला. नऊवारीला खिसा नव्हता म्हणून बायकांनी कनवटीला पैसा खोचला, चोळीत ठेवला, चंचीत पानसुपारीशेजारी लपवला. सलवार-कमीज शिवणारे आजही खिसा विचारल्याशिवाय लावत नाहीत. बाईचा स्वतःचा म्हणावा असा पैसा बहुतेक वेळा सुटाच असायचा, बाजारहाटातून वाचलेला. तो राहायचा बटव्यात.

माझ्या अम्मीच्या बटव्याला आतून दोन कप्पे होते. एक घराचा, एक सदक्याचा. पहिल्यातला पैसा कितीही संपला तरी दुसऱ्यात हात जात नसे. दूध घ्यायला पैसे कमी पडले तर ती शेजारच्या कुलकर्णीकाकूंकडून उसने आणायची, पण तो कप्पा उघडायची नाही. लहानपणी आम्हाला हा हट्ट वाटायचा. दारात कोणी आलं की ती आम्हाला बटवा द्यायची आणि सांगायची, “आँखें सामनेवाले पर, हाथ बटवे में.” म्हणजे देताना माणसाकडे बघा, नाणं बोटांनी शोधा. घेणाऱ्यासमोर पैसे मोजत उभं राहणं तिला अजिबात खपत नसे.

आता तुम्ही म्हणाल, मोबाईलवर पैसे देण्याच्या दिवसांत हे कुठलं खूळ? खरं आहे. चहाच्या टपरीवरही चौकोनी कोड चिकटवलेला असतो आणि सुट्यांची कटकट मिटली म्हणून आपण खूश असतो. पण ती कोणाची मिटली? मेडिकलच्या दुकानात दोन रुपयांऐवजी दोन गोळ्या हातावर ठेवतात, त्या निमूट घेणारा सहसा रोख पैसे देणारा असतो. एसटीत कंडक्टर तिकिटाच्या मागे पेनाने आकडा लिहून देतात. स्टँड आला, गर्दी उतरली, की ते पैसे मागायचा धीर म्हाताऱ्या माणसाला होत नाही. आमच्या गल्लीच्या तोंडाशी भाजी घेऊन बसणाऱ्या मावशींना मी वीसची नोट दिली आणि कोथिंबीर-मिरची अठराची झाली, तर त्या म्हणतात, “दोन रुपये राहू दे ताई, उद्या घे.” दुसऱ्या दिवशी मी विसरलेली असते, त्या नाही. “राहू दे” हे दोन शब्द ऐकायला फार गोड आहेत. मात्र ते बोलून सुटतो तो एक आणि ज्याचे राहतात तो दुसराच. धर्माच्या भाषेत याला हुकूकुल इबाद म्हणतात, माणसाचं माणसाकडे असलेलं देणं. ते रोजे धरून फिटत नाही. ज्याचं त्याला द्यावं लागतं. आणि त्यासाठी वेळेला दोन रुपयांचं नाणं हाताशी लागतं. आपल्याकडे नाणी कमी नसतात. ती फ्रीजवरच्या वाटीत, देवघराच्या किंवा मुसल्ल्याच्या कपाटात, पर्सच्या तळाशी पडून असतात. नसते ती त्यांची एक ठरलेली जागा.

तर शिवायला घेऊ. नाण्यांना वजन असतं हे आधी ध्यानात घ्या. दहाचं एक नाणं पावणेआठ ग्रॅमच्या आसपास, म्हणजे चाळीस नाणी झाली की तीनशे ग्रॅम. जॉर्जेट, शिफॉन सुंदर दिसतं, पण त्याचे धागे सुटतात आणि महिनाभरात तळ फाटतो. खणाचा तुकडा, जाड कॉटन किंवा जुन्या जीन्सचा पाय उत्तम. साधारण चोवीस सेंटिमीटर व्यासाची ताटली उपडी ठेवून दोन गोल कापा, एक वरचा, एक अस्तराचा. आतून कप्पा हवा असेल तर तो आत्ताच, म्हणजे अस्तराच्या सुलट बाजूवर हातभर नव्हे, चार बोटं रुंदीचा चौकोन तीन बाजूंनी शिवून घ्या. मागाहून ते जमत नाही.

दोरीसाठी वरच्या गोलावर समोरासमोर दोन ठिकाणी, कडेपासून तीन सेंटिमीटर आत, काजाएवढी चीर द्या आणि तिच्या कडा काजासारख्या भरून घ्या. हा भाग चिकाटीचा. बटवा फाटतो तो बहुधा इथेच. मग दोन्ही गोल सुलट बाजू आत ठेवून कडेने शिवा, तीन बोटं जागा मोकळी सोडा. त्यातून कापड उलटवून बाहेर काढा, इस्त्री फिरवा, उरलेली फट हाताने बंद करा. आता त्या चिरांच्या एका अंगाने एक आणि दुसऱ्या अंगाने एक अशा दोन गोल टिपा मारा, चिरा बरोबर मधे आल्या पाहिजेत. हीच दोरीची वाट. दोन नाड्या घ्या. एक उजव्या चिरेतून आत जाऊन पूर्ण फेरी मारून उजवीकडेच बाहेर येईल, दुसरी तशीच डावीकडे. सेफ्टी पिनला बांधली की नाडी सरकते. दोन्ही बाजूंना एकदम ओढलं की तोंड गच्च बंद. एकच नाडी घातली तर बटवा बंद होतो, पण दर वेळी तिरका होतो आणि नाणी गळतात.

दोन कप्प्यांत काय ठेवायचं हे ज्याचं त्याने ठरवावं. मी दहा आणि वीसची नाणी वेगळी ठेवते, कारण दोन्हींचा व्यास सारखाच, सत्तावीस मिलिमीटर. बोटाला मात्र फरक कळतो. वीसच्या नाण्याला बारा कोन आहेत, दहाचं गोल आहे. 2019 साली जाहीर झालेल्या या मालिकेत दृष्टिहीनांना नाणी ओळखता यावीत हाच विचार होता. अम्मीची पद्धत त्यामुळे आणखी सोपी झाली म्हणायची. आणि दहाचं नाणं चालत नाही असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. रिझर्व्ह बँकेने 2018 मध्येच स्पष्ट केलं होतं की त्याचे चौदाही नमुने वैध आहेत. पन्नास पैसेही कायद्याने चालतात. बंद झाले ते पंचवीस पैसे आणि त्याखालचे, 2011 च्या जूनअखेर. दुकानदाराने नाणं नाकारलं की तोटा कोणाला होतो? ज्याच्या पदरात दिवसभर नाणीच पडतात त्याला.

एक खुलासा करायला हवा. फितरा या बटव्यातून द्यायचा नसतो. त्याची रक्कम घरटी माणसं मोजून, तान्ह्या बाळाचीही धरून, ईदच्या नमाजआधी पोचवायची असते. त्याचा हिशेब वेगळा. बटवा आहे तो बिनहिशेबाच्या देण्यासाठी. पहाटे डफ वाजवत सहरीला उठवणारे चाचा ईदच्या सकाळी दारात येतात, तेव्हा त्यांच्यासमोर मोबाईल काढून कोड मागायचा का? पोरांची ईदीसुद्धा त्यातूनच. खणखणणारी पाच नाणी मुठीत आली की सहा वर्षांच्या मुलाला पन्नासच्या नोटेपेक्षा जास्त श्रीमंत वाटतं.

मागच्या वर्षी आमच्या कॉलेजातल्या काही मुलींनी असे बटवे शिवले. हिंदू-मुस्लिम दोघी-तिघींचा एक गट, कतरन मोहल्ल्यातली, खण एकीच्या आजीच्या जुन्या चोळीचा. एकीने विचारलं, “मॅडम, याला आतून नाव घालू का, हरवला तर?” मी म्हटलं घाल. तिने अस्तरावर स्वतःचं नाव न घालता सुईदोऱ्याने भाजीवाल्या मावशींचं नाव आणि खाली ‘३ रु.’ असं टाचलं. पैसे दिल्यावर उसवता येईल, अशी कच्ची टीप घातली होती.