मंद उजेडातील पाणवनस्पती : भाटघरच्या जलाशयापासून घरातील काचपेटीपर्यंतचा मागोवा

पुणे जिल्ह्यात भोरजवळ, नीरेला मिळणाऱ्या वेळवंडी नदीवर, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस व्हाइटिंग या अभियंत्याच्या नावाने ओळखला जाणारा जलाशय उभा राहिला. १९२०च्या दशकाच्या अखेरीस त्याची जागा अधिक उंच अशा लॉइड धरणाने घेतली आणि भोर-वेल्ह्याच्या डोंगरांतून उतरणारे पाणी सुमारे २३ टीएमसीच्या साठ्यात अडू लागले. हाच साठा आज भाटघर धरण किंवा येसाजी कंक जलाशय म्हणून ओळखला जातो. नीरेच्या कालव्यांना पाणी सुटते तशी त्याची पातळी खाली जाते, आणि वर्षातील बराच काळ पाण्याखाली असलेले कांबरे येथील कांबरेश्वराचे मंदिर उन्हाळ्याच्या शेवटी उघडे पडते. पाणवनस्पतींच्या दृष्टीने या चढउताराला मोठा अर्थ आहे. पावसाळ्यात डोंगरावरची माती घेऊन येणारे गढूळ पाणी तळाशी पोहोचणारा प्रकाश जवळजवळ अडवून टाकते आणि उन्हाळ्यात तोच काठ कोरडा ठणठणीत होतो. अशा पाण्यात टिकायचे तर वनस्पतीला अंधारही सोसता आला पाहिजे आणि उपासही. घरातील मत्स्यपेटीत आज ज्यांना ‘कमी उजेडाची, चिवट झाडे’ म्हटले जाते, त्यांच्या अंगी नेमके हेच गुण असतात, आणि त्यांतील काहींचे सगेसोयरे सह्याद्रीच्या नद्यांतच वाढतात.

कमी उजेडात जगणे म्हणजे काय, हे आधी स्पष्ट केले पाहिजे. प्रत्येक हिरवी वनस्पती प्रकाशसंश्लेषणाने अन्न कमावते आणि श्वसनाने ते खर्च करते; ज्या प्रकाशात ही कमाई आणि हा खर्च समसमान होतो, ती त्या वनस्पतीची किमान पातळी मानली जाते, कारण तिच्या खाली झाड साठवलेल्या अन्नावर दिवस काढते आणि साठा संपला की मरते. चिवट वनस्पतींचा खर्चच मुळात कमी असतो. त्यांची पाने सावकाश येतात, दीर्घकाळ टिकतात, आणि पुष्कळ जातींत आडव्या वाढणाऱ्या जाड खोडात, म्हणजे मूलस्तंभात, अडीअडचणीसाठी अन्न राखून ठेवलेले असते. पाण्यात याखेरीज आणखी एक अडचण असते: कार्बन डायऑक्साइड वायू हवेपेक्षा पाण्यात सुमारे १०,००० पट मंद गतीने पसरतो, त्यामुळे भरपूर प्रकाश असूनही कच्चा माल न मिळाल्याने झाड उपाशी राहते आणि तो जादा प्रकाश शेवाळाच्या कामी येतो. नवख्या हौशी माणसाच्या पेटीत दिवा वाढवला की काच हिरवी होते आणि झाडे मात्र तशीच राहतात, त्याचे एक मोठे कारण हे आहे.

पेटीतील वनस्पतींच्या इतिहासाचा आरंभ १८५० साली लंडनमध्ये झाला, असे सामान्यतः मानले जाते. रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञाने काचेच्या पात्रात दोन गोल्डफिश आणि व्हॅलिस्नेरिया ही पट्टीसारख्या पानांची वनस्पती ठेवली. पाने कुजून पाणी बिघडू लागले तेव्हा त्याने तळ्यातील गोगलगायी सोडल्या, आणि मासा, वनस्पती व गोगलगाय यांचा एकमेकांवर तोललेला लहानसा संसार पाणी न बदलता टिकू शकतो, हे त्याने दाखवले. ज्या वनस्पतीवर हा सारा प्रयोग उभा होता, तिची नोंद भारतातील वनस्पतिग्रंथांतही आहे. इटलीतील निसर्गशास्त्रज्ञ अंतोनियो व्हॅलिस्नेरी यांच्यावरून तिला नाव मिळाले. तिची नरफुले देठापासून सुटून पाण्यावर तरंगत येतात, मादीफुल लांब देठाच्या टोकाला पृष्ठभागावर वाट पाहते, आणि परागीभवन झाल्यावर तो देठ स्प्रिंगसारखा वळत फळाला पाण्याखाली ओढून नेतो. या वनस्पतीला पाण्यात विरघळलेल्या बायकार्बोनेटमधूनही कार्बन घेता येतो, म्हणून विहिरीच्या किंवा कूपनलिकेच्या जड पाण्यातही ती तग धरते. दख्खनच्या पठारावरील घरांसाठी हा गुण फार मोलाचा आहे.

त्याच सुमारास मुंबई इलाख्यातही वनस्पतींची मोजदाद चालू होती. पुण्याजवळच्या दापोडी येथील वनस्पती उद्यान सांभाळणारे अलेक्झांडर गिब्सन आणि त्यांचे सहकारी डॅल्झेल यांचा मुंबईच्या वनस्पतींवरील ग्रंथ १८६१ साली निघाला, आणि पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयाचे प्राचार्य राहिलेले थिओडोर कुक यांनी १९०१ ते १९०८ या काळात इलाख्याच्या वनस्पतींचा विस्तृत ग्रंथ प्रसिद्ध केला. या ग्रंथकारांसमोर शेती, जंगल आणि औषधोपयोग होते, काचपेटी नव्हती. तरीही नद्या आणि तलावांतील वनस्पतींची जी यादी आजचा अभ्यासक हाताशी धरतो, तिचा पाया तेथेच घातला गेला. पुढे १९५५ साली भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेचे पश्चिम विभागीय केंद्र पुण्यात सुरू झाले, १९६२ साली सुब्रमण्यम यांचा भारतातील सामान्य सपुष्प पाणवनस्पतींवरचा ग्रंथ आला, आणि हे काम नियमितपणे होऊ लागले.

या साऱ्या वनस्पतींमध्ये क्रिप्टोकोरिन ही प्रजाती (म्हणजे अनेक जवळच्या जातींचा गट) सर्वांत लक्ष देण्याजोगी आहे. अळू आणि सुरण यांच्या कुळातील या वनस्पतींच्या नावाचा अर्थ ‘लपलेली गदा’ असा होतो, कारण तिचा गदेसारखा फुलोरा छदाच्या, म्हणजे त्याला वेढणाऱ्या पानाच्या, नळीत तळाशी बंदिस्त असतो आणि बाहेर दिसतो तो केवळ त्या छदाचा पिळवटलेला रंगीत शेंडा. द्वीपकल्पातील खडकाळ नदीपात्रांत क्रिप्टोकोरिन रेट्रोस्पायरॅलिस ही जाती वाढते. पावसाळ्यात तिच्या अरुंद, वळणदार पानांवरून जोरदार गढूळ प्रवाह वाहत असतो, आणि पाणी ओसरून काठ उघडा पडू लागला की तिला फुले येतात. कोकणापुरती मर्यादित असलेली क्रिप्टोकोरिन कॉग्नाटा ही दुसरी जाती व्हिएन्नाचे वनस्पतिशास्त्रज्ञ शॉट यांनी १८५७ साली नोंदवली होती; नंतर दीर्घकाळ ती फारशी कोणाला ठाऊक नव्हती, आणि कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातील डॉ. एस. आर. यादव व त्यांच्या सहकाऱ्यांच्या अभ्यासामुळे ती पुन्हा प्रकाशात आली. याच शॉट यांनी त्याच वर्षी पश्चिम आफ्रिकेतील अनुबियास या प्रजातीलाही नाव दिले. सावलीतील ओढ्यांच्या काठी वाढणारे अनुबियास आज जगभरच्या मंद उजेडाच्या पेट्यांत सर्वांत भरवशाचे झाड मानले जाते. ज्या माणसाने कोकणातील या लहानशा वनस्पतीला शास्त्रात जागा दिली, त्यानेच आजच्या पेटीतील सर्वांत ओळखीच्या झाडाचेही बारसे केले, ही गोष्ट महाराष्ट्रातील हौशी लोकांना माहीत असायला हवी.

पेटीत क्रिप्टोकोरिन लावणाऱ्याला बहुधा पहिल्याच पंधरवड्यात धक्का बसतो. पाण्याचा गुण, उष्णता किंवा प्रकाश बदलला की तिची पाने काचेसारखी पारदर्शक होतात, कडेपासून विरघळू लागतात आणि बोट लावले तर चिखलासारखी सुटून येतात. झाड मेले असे समजून अनेक जण ते उपटून टाकतात. वास्तविक वाळूखाली मूलस्तंभ जिवंत असतो, आणि कुजकी पाने काढून पेटी तशीच राहू दिली तर काही आठवड्यांत नव्या पाण्याला साजेसे लहान कोंब वर येतात. पात्रातील पाणी चढते-उतरते तेव्हा पाने सोडून मुळाशी माघार घेण्याची जी सवय या वनस्पतीला लागली, तीच काचेच्या चार भिंतींत दिसते. तिला रोग समजणे ही चूक आहे. अनुबियास आणि जावा फर्न यांच्या बाबतीत उलट काळजी घ्यावी लागते, कारण त्यांचा मूलस्तंभ वाळूत पुरला तर कुजतो; तो दगडाला किंवा लाकडाला दोऱ्याने बांधावा लागतो, आणि मग मुळे स्वतःच पकड घेतात.

विसाव्या शतकाच्या मध्यापासून या छंदाला वेग आला. १९५१ साली मुंबईत मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालय सुरू झाले आणि काचेमागचे मासे पाहणे हा शहरी कुटुंबांच्या सहलीचा भाग झाला. ट्यूबलाइटमुळे फार न तापणारा, पेटीभर पसरणारा उजेड मिळू लागला. १९५८ साली डच वनस्पतिशास्त्रज्ञ द विट यांनी श्रीलंकेतील क्रिप्टोकोरिन वेंड्टाय या जातीचे वर्णन केले, आणि ती पुढे घरोघरच्या पेट्यांत सर्वांत चालणारी जाती ठरली. १९९०च्या दशकात जपानच्या ताकाशी अमानो यांनी प्रखर दिवे आणि कार्बन डायऑक्साइड वापरून पाण्याखाली बागा फुलवल्या, आणि वनस्पतींच्या पेटीचे सौंदर्य जगाला नव्याने दिसले. त्या बागांचे ऋण मान्य करूनही असे म्हणावे लागते की, त्यांच्या प्रसिद्धीमुळे साध्या पेटीला कमी लेखले जाऊ लागले. १९९९ साली अमेरिकेतील डायना वॉल्स्टॅड यांच्या पुस्तकाने वाळूखाली साधी माती, मध्यम प्रकाश आणि माशांच्या विष्ठेतून मिळणारे पोषण यांवर चालणारी पेटी शास्त्रीय आधारासह मांडली, आणि वॉरिंग्टनचा जुना विचार पुन्हा मूळ धरू लागला. त्यानंतर आलेल्या एलईडी दिव्यांनी वीज वाचवली, पण त्यांच्या स्वस्त प्रखरतेने शेवाळाचा प्रश्नही घरोघर पोहोचवला.

महाराष्ट्रातील शाळांत वाढलेल्या वाचकाला अशा चिवट पाणवनस्पतींपैकी एक बालपणापासून माहीत असते. चंचुपात्रात उलटे नरसाळे, त्यावर पाण्याने भरलेली परीक्षानळी आणि तळाशी हायड्रिलाच्या हिरव्या काड्या, त्यांतून वर चढणारे ऑक्सिजनचे बुडबुडे: प्रकाशसंश्लेषणाचा हा प्रयोग पिढ्यान्‌पिढ्या केला गेला. हीच हायड्रिला पूर्ण सूर्यप्रकाशाच्या सुमारे एक टक्का उजेडातही वाढू शकते, आणि तिचा हा चिवटपणा अन्यत्र संकट ठरला. १९५०च्या दशकात पेटीतील वनस्पतींच्या व्यापारातून ती श्रीलंकेहून अमेरिकेतील फ्लोरिडात पोहोचली, कालव्यात पडली, आणि काही दशकांत तेथील तलाव व नद्या तिने भरून टाकल्या. भारताने याचे उलटे रूप पाहिले आहे: दक्षिण अमेरिकेतून शोभेचे फूल म्हणून भारतात आलेली जलपर्णी आज मुळा-मुठा, इंद्रायणी आणि उजनीच्या पाण्यावर पसरलेली दिसते, आणि केरळच्या पाणथळ जागांत पेटीतील काबोंबा ही वनस्पती फोफावली आहे.

म्हणून भाटघरच्या संदर्भात या छंदाची दिशा दोन्ही बाजूंनी जपली पाहिजे. नदीपात्रातील क्रिप्टोकोरिन पेटीसाठी उपटून आणू नये, कारण तिची जागा निवडक आणि वाढ सावकाश आहे. कास पठारावरील वायतुऱ्यासारख्या प्रदेशनिष्ठ पाणवनस्पतींच्या बाबतीत तर ही गोष्ट अधिकच काटेकोरपणे पाळावी, आणि पेटीसाठी रोपवाटिकेत वाढवलेली रोपेच घ्यावीत. दुसरीकडे, पेटीतील छाटलेली पाने, जादा झालेली रोपे आणि गोगलगायी धरणात, ओढ्यात किंवा गटारात कधीही सोडू नयेत. पाने आणि रोपे एखाद्या कागदावर पसरून उन्हात पूर्ण कडकडीत वाळवावीत, आणि मगच खतात घालावीत.