सतरा तासांची रात्र आणि दगडाची सावली

जानेवारीतला एक शनिवार, सकाळचे दहा. स्कॉटलंडच्या उत्तर भागात, इन्व्हरनेस शहराच्या थोडं पलीकडे, स्ट्रॅथपेफर नावाचं गाव आहे. गावाजवळच्या कॉन्टिनच्या जंगलात शेकडो माणसं हेल्मेट घालून उभी आहेत. इशारा होतो आणि सगळी धावत सुटतात. शर्यत सायकलची, पण सुरुवात पायी! थोडं अंतर पळायचं, आपली सायकल गाठायची, टांग मारायची आणि जंगलात शिरायचं. शर्यत संपणार कधी? रविवारी सकाळी दहाला.

या शर्यतीचं नाव स्ट्रॅथपफर. नियम सोपा आहे. दहा-बारा किलोमीटरची एक वाट आखलेली असते आणि चोवीस तासांत तिच्यावर जास्तीत जास्त फेऱ्या मारायच्या असतात. कुणी चौघांचा संघ करून आळीपाळीने जातं, कुणी जोडीने, आणि काही जण चक्क एकटे! यातले बहुतेक हौशी. म्हणजे सायकल चालवणं हा काही त्यांचा पोटापाण्याचा उद्योग नाही. वाट मात्र चांगलीच घाम काढणारी. आधी कच्च्या रस्त्याचा लांबलचक चढ, मग अरुंद पायवाट, तिच्यावर झाडांच्या आडव्या मुळ्या, उघडे कातळ, चिखल आणि वळणंच वळणं.

दिवसाउजेडी हे सगळं जमेलही. पण तिथे जानेवारीत दिवस असतो तरी केवढा! दुपारी चारच्या सुमाराला सूर्य मावळतो, तो दुसऱ्या दिवशी पावणेनऊच्या आसपास उगवतो. जवळजवळ सतरा तासांची रात्र. त्याच दिवशी मुंबईतली रात्र तेरा तासांची असते. असं का, ते तुम्हाला भूगोलाच्या तासाला सांगितलेलं आहे. पृथ्वीचा आस साडेतेवीस अंशांनी कललेला आहे आणि जानेवारीत उत्तर गोलार्ध सूर्यापासून पलीकडे झुकलेला असतो. जितकं उत्तरेला जावं तितकी रात्र लांबते. मुंबई १९ अंश अक्षांशावर आहे, स्ट्रॅथपेफर ५७ अंशांच्याही वर. हात सरळ लांब करून मूठ धरली, तर ती आकाशाचा साधारण दहा अंशांचा भाग झाकते. स्ट्रॅथपेफरला जानेवारीच्या भर दुपारीसुद्धा सूर्य क्षितिजापासून जेमतेम एक मूठ वर येतो. एवढ्या तिरप्या उन्हात ऊब ती काय असणार?

तरीही तिथे मॉस्कोसारखी कडाक्याची थंडी पडत नाही. खरं तर हे गाव मॉस्कोपेक्षाही उत्तरेला आहे. पण अटलांटिक महासागरातला उबदार प्रवाह आणि त्याच्यावरून येणारे पश्चिमेचे वारे स्कॉटलंडला ऊब देत राहतात. म्हणून तापमान बऱ्याचदा शून्याच्या आगेमागे घुटमळतं. ऐकायला बरं वाटतं, पण सायकलवाल्यांसाठी हीच खरी अडचण. संध्याकाळी पाऊस पडतो, वाट ओलीचिंब होते आणि मध्यरात्री तेच पाणी गोठून कातळावर काचेसारखा पापुद्रा धरतं.

बर्फ निसरडा का असतो? शून्याखालीसुद्धा त्याच्या सगळ्यात वरच्या थरातले रेणू आतल्या रेणूंसारखे घट्ट जखडलेले नसतात. त्यांच्या वरच्या बाजूने धरून ठेवायला कुणी शेजारीच नसतो ना! मायकेल फॅरेडे या मोठ्या शास्त्रज्ञाने १८५० मध्ये सांगितलं होतं, की बर्फावर पाण्यासारखा एक अतिशय पातळ थर असतो. त्याने बर्फाचे दोन तुकडे एकमेकांना टेकवून दाखवले आणि ते चिकटले. तुम्हीही फ्रिजमधले दोन तुकडे घेऊन थोडा वेळ दाबून धरा. जिथे ते टेकतात, तिथला वरचा मोकळा थर आता दोन्हीकडून वेढला जातो आणि गोठून घट्ट होतो. सायकलवाल्यांचा यावरचा उपाय म्हणजे खिळ्यांचे टायर. रबरात टंगस्टन कार्बाइड या अतिशय कठीण पदार्थाची बारीक टोकं बसवलेली असतात. ती बर्फात रुततात आणि चाकाला पकड मिळते.

आता थंडीबद्दल. तुम्हाला वाटेल, भरपूर स्वेटर घालून निघावं. तसं करणारा पहिल्याच चढावर अडचणीत येतो! पॅडल मारताना आपले स्नायू जेवढी ऊर्जा वापरतात, तिचा साधारण चौथा भागच पॅडलपर्यंत पोचतो. उरलेल्या सगळ्याची उष्णता होते. चढावर कुणी पॅडलला २०० वॅट देत असेल, तर त्याच्या शरीरात त्याच वेळी ६०० वॅट किंवा त्याहून जास्त उष्णता तयार होत असते. मग घाम येणारच. घाम वाळताना शरीरातली उष्णता घेऊन जातो, माठातलं पाणी गार होतं ना, अगदी तसंच. चढावर हे छानच. पण चढ संपतो, उतार लागतो, पाय थांबतात, आतली भट्टी मंदावते आणि समोरून वारा अंगावर येतो. हवा शून्य अंशाला असेल आणि वेग ताशी ३० किलोमीटर असेल, तर उघड्या त्वचेला उणे सहा अंशांइतकी थंडी जाणवते. (बाटलीतल्या पाण्याला मात्र वाऱ्याने असं फसवता येत नाही. पाणी लवकर गार होईल, पण हवेपेक्षा जास्त गार होणार नाही.) त्यात आतला कपडा घामाने ओला असेल तर विचारूच नका. पाणी हवेपेक्षा सुमारे पंचवीसपट वेगाने उष्णता वाहून नेतं.

म्हणून ही मंडळी सुती बनियन घालत नाहीत. सूत पाणी पिऊन बसतं आणि सोडतच नाही. ती लोकरीचा पातळ कपडा किंवा घाम बाहेर टाकणारं कृत्रिम धाग्याचं कापड वापरतात आणि निघताना थोडी थंडी वाजेल एवढेच कपडे घालतात. अनुभवी माणूस लगेच ओळखू येतो. चढाच्या पायथ्याशी त्याची जॅकेटची चेन छातीपर्यंत उघडी असते आणि उतार सुरू होण्याआधी, सायकल न थांबवता, एका हाताने तो ती गळ्यापर्यंत ओढतो. दर फेरीला, रात्रभर.

बोटांची गोष्ट वेगळी. थंडीत शरीर आधी हृदय, फुप्फुसं आणि मेंदू सांभाळतं. त्यासाठी बोटांकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि बोटं बधिर होतात. पण गंमत बघा, बोटं वाकवणारे मोठे स्नायू बोटांत नसतातच, ते कोपराखाली असतात आणि लांब दोऱ्यांसारख्या स्नायुबंधांनी बोटं ओढतात. आत्ताच मूठ आवळून दुसऱ्या हाताने कोपराखाली चाचपून बघा, हालचाल जाणवेल. त्यामुळे गारठलेल्या बोटांनीही ब्रेक ओढता येतो, फक्त किती जोरात ओढला ते कळत नाही. निसरड्या उतारावर हे भलतंच धोक्याचं. काही जण हँडलबारच्या दोन्ही टोकांना मोठ्या उबदार पिशव्याच बसवतात आणि मूठ, ब्रेक, गिअर, सगळं त्यांच्या आत!

गारठा बॅटरीलाही लागतो. दिव्याच्या लिथियम बॅटरीत विद्युतभारित कण, म्हणजे आयन, एका द्रवातून इकडून तिकडे जात असतात. थंडीत त्यांची ये-जा मंदावते आणि अर्धी भरलेली बॅटरीसुद्धा संपल्यासारखी वागते. तीच बॅटरी ऊब मिळाली की पुन्हा कामाला लागते. म्हणून कित्येक जण जास्तीची बॅटरी जॅकेटच्या आत, अंगाशी ठेवतात.

आणि मग येते पहाट, तीन ते पाचची वेळ. आपल्या मेंदूत एक घड्याळ आहे. ते रात्री शरीराचं तापमान हळूहळू उतरवतं आणि पहाटे चार-पाचच्या सुमाराला ते सगळ्यात कमी असतं. झोप अनावर होते ती तेव्हाच. स्नायू दमलेत, बाहेर थंडी आणि आतून घड्याळ सांगतंय, झोप! आपल्या नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये अमेरिका एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत ओलांडणारी, ४,८०० किलोमीटरच्या आसपासची शर्यत एकट्याने पूर्ण केली. तिथे जंगलातली पायवाट नसते, डांबरी रस्ता असतो, पण रात्रीमागून रात्री या घड्याळाशी झगडावं लागतंच. अशा माणसांबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

आता दिव्यांकडे येऊ. या शर्यतीतली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट इथे आहे.

आपल्या डोळ्यांत दृष्टिपटलावर दोन प्रकारच्या पेशी असतात. शंकुपेशींना भरपूर उजेड लागतो आणि त्या रंग दाखवतात. दंडपेशींना अंधुक उजेड पुरतो, पण रंग कळत नाहीत. अंधारात गेल्यावर दंडपेशी पुऱ्या कामाला लागायला वीस ते तीस मिनिटं लागतात, कारण त्यांच्यातलं ऱ्होडोप्सिन नावाचं रंगद्रव्य हळूहळू पुन्हा साठतं. झगझगीत उजेड डोळ्यांत गेला की ते झटकन संपतं. म्हणजे समोरच्याने मान वळवून तुमच्याकडे पाहिलं आणि त्याच्या हेल्मेटचा दिवा तुमच्या डोळ्यांवर आला, की साठवलेलं सगळं गेलं!

हेल्मेटचा दिवा? हो. तयारीच्या सायकलवाल्याकडे दोन दिवे असतात, एक हँडलबारवर आणि एक हेल्मेटवर. एकच जबरदस्त दिवा का नको? हेल्मेटचा दिवा तुम्ही जिकडे बघाल तिकडे उजेड टाकतो. तीव्र वळणावर हँडलबार अजून सरळ असतो, त्याचा उजेड झाडांत घुसतो आणि जिथे जायचंय ती वाट काळोखात राहते. तिथे हेल्मेटचा दिवा हवाच. मग हँडलबारचा कशाला?

सावलीसाठी!

हिशोबच करू. वाटेवर, दिव्यापासून पाच मीटरवर, पाच सेंटिमीटर उंचीचा एक दगड आहे. हँडलबारचा दिवा जमिनीपासून एक मीटरवर आहे. तो दगडामागे साधारण २६ सेंटिमीटर लांब सावली पाडतो. तुमचे डोळे १.६ मीटरवर आहेत. तिथून बघताना दगडामागची १६ सेंटिमीटर जमीन दगडानेच झाकलेली असते. म्हणजे २६ मधून १६ गेले, दहा सेंटिमीटरचा काळा पट्टा तुम्हाला दगडाच्या वर दिसतो. त्या पट्ट्यावरून मेंदू ओळखतो, इथे काहीतरी वर आलंय, सायकल उचल! आता फक्त हेल्मेटचा दिवा लावा. तो डोळ्यांच्याही वर, १.७ मीटरवर आहे. त्याची सावली १५ सेंटिमीटरची, आणि ती सगळी दगडाआड. तुम्हाला सावलीचा तुकडाही दिसत नाही. उजेड भरपूर, पण दगड, मुळी आणि खड्डा सगळे सपाट, जमिनीवर रंगवल्यासारखे. म्हणजे कितीही प्रखर दिवा आणला तरी तो डोळ्यांजवळ असेल तर खोली हरवते. रात्री सायकल चालवणारा माणूस खरं तर सावल्या वाचत असतो!

धुक्यात तर हेल्मेटचा दिवा मंद करावा किंवा बंदच करावा लागतो. धुक्यातले पाण्याचे बारीक थेंब उजेड परत फेकतात आणि दिवा डोळ्यांना लागूनच असल्यामुळे तो उजेड थेट डोळ्यांत येतो. पुढे पांढरी भिंत उभी राहते. खालचा दिवा अशा वेळी उपयोगी पडतो. पावसाळ्यात घाटात गाडी चालवणारे लांबचा हेडलाइट बंद करून जवळचा लावतात, तेही याचसाठी.

आज रात्री हे घरीच करून बघा. खोलीतले दिवे घालवा, जमिनीवर एक लिंबू ठेवा आणि तीन मीटर दूर उभे राहा. टॉर्च आधी कपाळाला टेकवून धरा, मग कमरेजवळ धरा. लिंबामागे काय दिसतं, दोन्ही वेळा नीट बघा. नंतर टॉर्च अगदी घोट्याजवळ न्या. सावली इतकी लांबेल, की लिंबामागे ठेवलेला एखादा शेंगदाणा तिच्यात बुडून जाईल. वाटेवर त्या शेंगदाण्याच्या जागी दुसरा दगड असता तर? म्हणजे दिवा फार वर नको आणि फार खालीही नको. लिंबू आणि शेंगदाणा दोन्ही सगळ्यात चांगले कोणत्या उंचीवर दिसतात, ते मोजपट्टीने मोजा. मग तुमच्या सायकलच्या हँडलबारची उंचीही मोजा आणि दोन्ही आकडे वहीत शेजारी शेजारी लिहा.